परतलेल्या हाकांची नोंदवही



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली दूरध्वनी-केंद्रात उमेदवारी करण्याचे भाग्य मला ऐन विशीत लाभले. आम्ही त्यांना मास्तर म्हणत असू. केंद्रातील रॅकच्या रॅक खडखडत असताना, हजारो माणसांची बोलणी त्यांतून सुरळीत पार पडत असताना, मास्तर शांतपणे चहा पीत बसलेले असत. परंतु एखादी जोडणी फसली, कोणाचा क्रमांक लागता लागता राहिला, की ते उठून त्या जागी जात आणि तेथे जे घडले ते बारीक अक्षरात आपल्या वहीत टिपून घेत. लागलेल्या कॉलपासून शिकण्यासारखे फारसे काही नसते, न लागलेला कॉल का लागला नाही हे ज्याला सांगता येईल त्यालाच यंत्र कळले, असे ते म्हणत. आज मी जो विषय आपणांपुढे मांडणार आहे तो त्यांच्या या एका वाक्याचाच विस्तार आहे. बाहेरून फोन करून, संकेतांक देऊन ज्या यंत्रणेत शिरावे लागते, अशा सुरक्षित दूरध्वनी-यंत्रणेच्या दाराशी येऊन जे परत पाठविले जातात, त्यांच्याविषयी आपण काय समजावे, हा तो विषय.

प्रथम या व्यवस्थेचे स्वरूप सांगितले पाहिजे. मोठ्या कचेरीत ईपीएबीएक्स असतो, म्हणजे त्या कचेरीचे स्वतःचे लहानसे एक्स्चेंज असते. त्याला अशी सोय जोडता येते की, कचेरीच्या परगावी गेलेल्या माणसाने एका ठरावीक क्रमांकावर फोन करावा, सूर ऐकू येताच आपला संकेतांक दाबावा, आणि तो जुळला म्हणजे, जणू आपण कचेरीतल्या आपल्या टेबलाशीच बसलो आहोत अशा रीतीने, कचेरीच्या वाहिनीवरून आणि कचेरीच्या खर्चाने हव्या त्या गावी बोलावे. तंत्रज्ञ या सोयीला ‘डीसा’ म्हणतात. व्हॉइसमेलची पेटी, फोनवरून चालणारे बँकेचे व्यवहार, मोडेमच्या द्वारे संगणकात होणारा प्रवेश, ही सारी त्याच कुळातली. या सर्वांचे दार एकाच प्रकारचे आहे. दाराशी कोण उभा आहे हे तेथे दिसत नाही. त्याने दाबलेले चार-सहा अंक तेवढे दिसतात. अंक जुळले तर दार उघडते; न जुळले तर बहुधा तीन वेळा संधी मिळते, आणि मग संबंध तुटतो. तुटताना यंत्र एक ओळ लिहून ठेवते : तारीख, वेळ, वाहिनी, आलेले अंक किती, निकाल काय. कचेरीत कोणीतरी ही ओळ वाचावी अशी अपेक्षा असते, आणि बहुतेक कचेऱ्यांत ती कोणीही वाचत नाही. दूरवरच्या देशांशी तासन्‌तास झालेल्या बोलण्यांचे अवाढव्य बिल हातात पडते तेव्हा ती वही शोधली जाते.

ही अडचण मुळात उद्भवली कशी, हे पाहण्यास थोडे मागे जावे लागेल. दूरध्वनीच्या आरंभकाळी दारावर मनुष्य असे. केंद्रातील ऑपरेटर आपल्या गावचे आवाज ओळखीत असे; डॉक्टर कोणत्या घरी गेले आहेत हे तिला ठाऊक असे; आणि एखाद्या अनोळखी आवाजाने ओळखीच्या नावाने जोडणी मागितली तर ती दोन प्रश्न अधिक विचारीत असे. अमेरिकेतील आल्मन स्ट्राउजर या अंत्यविधीचा व्यवसाय करणाऱ्या गृहस्थाला १८९१ मध्ये स्वयंचलित केंद्राचे पेटंट मिळाले. ऑपरेटर आपली गिऱ्हाइके प्रतिस्पर्ध्याकडे वळविते या संशयातून हा शोध लागला अशी कथा प्रसिद्ध आहे. ती खरी असो वा नसो, तिच्यात या शोधाचे मर्म आले आहे : मनुष्याचा पक्षपात टाळावयाचा म्हणून मनुष्यालाच दारावरून दूर करण्यात आले. पक्षपात गेला, परंतु त्याबरोबर ओळखही गेली. यंत्राला आवाज कळत नाही, लाज कळत नाही, घाई कळत नाही. त्याला केवळ अंक कळतात.

अंक पोहोचविण्याच्या रीतीतही एक मोठे स्थित्यंतर झाले. जुन्या चकतीच्या फोनवर पाच फिरविला, की चकती परतताना वाहिनीतील विद्युत्‌प्रवाह पाच वेळा क्षणभर खंडित होई, आणि केंद्रातील यंत्र ते खंड मोजी. १९६३ मध्ये अमेरिकेत बटनांचा फोन आला, आणि अंक हा दोन सुरांचा मेळ झाला. पाचाचे बटन दाबले म्हणजे ७७० आणि १३३६ हर्ट्‌झ हे दोन सूर एकाच वेळी वाजतात. प्रत्येक अंकाची जोडी निराळी. या बदलाचा परिणाम केवळ सोयीपुरता नव्हता. प्रवाहाचे खंड जवळच्या केंद्रापर्यंतच अर्थपूर्ण असतात, सूर मात्र बोलण्याच्याच वाटेने थेट पलीकडच्या टोकापर्यंत जातात; म्हणून बटनांचा फोन आल्यावरच, जोडणी झाल्यानंतर दूरच्या यंत्राला संकेतांक सांगणे सामान्य माणसाच्या हाती आले. बाहेरून शिरण्याच्या या सर्व व्यवस्थेचा पाया ते दोन सूर आहेत.

बोलणे आणि आज्ञा एकाच वाटेने गेल्या म्हणजे काय होते, याचा धडाही त्याच काळात मिळाला. अमेरिकेतील लांब पल्ल्याच्या वाहिन्या रिकाम्या झाल्याची खूण म्हणून २६०० हर्ट्‌झचा एक सूर वापरला जात असे. जो एन्ग्रेसिया या जन्मांध मुलाला सुरांचे अचूक ज्ञान होते; तो सूर नुसत्या शिटीने काढला असता चालू जोडणी तुटते हे त्याच्या लहानपणीच ध्यानात आले. पुढे हाच सूर काढणाऱ्या पेट्या तयार झाल्या, आणि १९७१ मध्ये ‘एस्क्वायर’ मासिकातील लेखाने त्यांची हकिकत जगजाहीर केली. अखेर आज्ञांची वाट बोलण्याच्या वाटेपासून निराळी करण्यात आली. मला या प्रकरणात लक्षणीय वाटते ते हे की, शिटीने तुटलेल्या प्रत्येक जोडणीची खूण वाहिनीवर उमटत होती, परंतु ती खूण ‘बिघाड’ या सदरात जमा होत होती; हा कोणाचा तरी प्रयत्न आहे, अशा दृष्टीने तिच्याकडे पाहण्यास बराच काळ जावा लागला.

तेव्हा प्रश्न असा की, नाकारलेल्या प्रवेशाची ओळ समोर आली असता तिचा अर्थ कसा लावावा? माझ्या अनुभवाप्रमाणे अशा ओळीच्या मागे तिघांपैकी एक जण असतो : विसरलेला आपला मनुष्य, बिघडलेले किंवा न जुळणारे यंत्र, अथवा खरोखरीचा घुसखोर. ओळ मात्र तिघांची सारखीच दिसते, आणि सारी अडचण तेथे आहे.

विसरणारा मनुष्य हा या तिघांत संख्येने सर्वांत मोठा. जॉन शेफर्ड-बॅरन यांनी लंडनजवळील एनफील्ड येथे १९६७ मध्ये बार्कलेज बँकेचे पैसे देणारे यंत्र उभारले, तेव्हा त्यांच्या मनात सहा अंकांचा संकेतांक होता. परंतु आपल्याला चारच अंक लक्षात राहतात असे त्यांच्या पत्नीने स्वयंपाकघरातील टेबलाशी सांगितले, आणि चार अंक ठरले, अशी आठवण त्यांनी स्वतः सांगितली आहे. म्हणजे जगातील असंख्य तिजोऱ्यांचे कुलूप एका गृहिणीच्या प्रामाणिक कबुलीवर बेतलेले आहे, आणि ते योग्यच झाले. संकेतांक मनुष्याच्या स्मृतीत राहावयाचा असेल, तर स्मृतीच्या मर्यादा हा त्या यंत्रणेचाच एक भाग मानला पाहिजे. रजेवरून परतलेला मनुष्य जुना संकेतांक दाबतो. बदल झालेल्या सोमवारी निम्मी कचेरी चुकते. वृद्ध मनुष्य दोन अंकांच्या मध्ये इतका थांबतो की यंत्राचा धीर सुटतो. या चुकांना एक आकार असतो. आपला मनुष्य चुकतो तेव्हा तो बहुधा जवळपास चुकतो : दोन अंक उलटसुलट होतात, शेजारचे बटन दाबले जाते, कालचाच संकेतांक येतो. आणि तिसऱ्या खेपेस नाही जमले तर तो दुसऱ्या कोणाला तरी विचारतो.

दुसरा वर्ग यंत्राचा. वाहिनीवरील खरखरीत एक सूर हरवतो. बोलणाऱ्याच्याच आवाजात क्षणमात्र दोन्ही सुरांचा भास होऊन न दाबलेला अंक उमटतो. एकदा दाबलेला अंक दोनदा पोहोचतो. या वर्गातील एक प्रसंग मी आयुष्यभर विसरलो नाही, आणि आजच्या व्याख्यानाचे बीज त्यातच आहे.

एका कचेरीत (तिचे नाव येथे अप्रस्तुत आहे) अशीच बाहेरून शिरण्याची सोय नुकतीच बसविली होती, आणि ती बसविण्याच्या कामी मास्तरांबरोबर मीही होतो. पंधरवड्याने तेथील अधिकाऱ्यांनी आम्हांस तातडीने बोलाविले. रोज सकाळी सहा ते सव्वासहाच्या दरम्यान कोणीतरी दाराशी येत होते, तीन वेळा नाकारले जात होते आणि निघून जात होते. इतका नियमित मनुष्य चोराखेरीज दुसरा कोण असणार, असे सर्वांचे मत पडले होते. पोलिसांत फिर्याद देण्याचा मसुदाही तयार होता. मास्तरांनी मसुदा बाजूला ठेवला आणि नोंदीचे कागद मागविले. त्यांनी त्या साऱ्या ओळींवरून बोट फिरविले आणि एकाच रकान्याशी ते थांबले. ‘आलेले अंक’ या सदरात प्रत्येक ओळीला एकच शेरा होता : निरंक.

‘चोर काहीतरी दाबून पाहतो,’ ते म्हणाले. ‘येथे तर काहीच दाबलेले नाही. जो काहीच दाबीत नाही, तो दाबतो आहे पण आपल्याला ऐकू येत नाही.’

त्यांनी परगावच्या कर्मचाऱ्यांची यादी घेतली आणि एकेकाला विचारण्यास आरंभ केला. तिसऱ्या दिवशी एका तालुक्याच्या गावातील गोदामाचा रखवालदार सापडला. गोदामातील फोन बटनांचा होता खरा, परंतु त्याच्या तळाशी जी सुरांची की खंडांची अशी निवड करणारी बारीक कळ असते, ती खंडांच्या बाजूला होती. रखवालदार आपला संकेतांक रोज अचूक दाबीत होता. त्याच्या कानाला टिकटिक ऐकू येत होती, आणि कचेरीच्या यंत्राला एकही सूर पोहोचत नव्हता. रात्रीची गोदामाची खबर सकाळी द्यावी असे त्याला सांगितले होते, म्हणून तो रोज ती द्यावयास येत होता. तू हे कोणाला सांगितले का नाहीस, असे विचारल्यावर तो खाली पाहून म्हणाला, ‘साहेब, मला वाटलं, माझं नाव काढलं असंल.’

श्रोतेहो, त्या वाक्याने मला अंतर्मुख केले. आम्ही त्याला चोर समजत होतो, आणि तो स्वतःला बडतर्फ समजत होता. दोघांच्या मध्ये एक यंत्र होते, ज्याने दोघांनाही खोटे काही सांगितले नव्हते. त्या दिवशी मास्तरांनी आपल्या वहीत तांबड्या पेन्सिलीने एक नवा रकाना आखला आणि त्यावर लिहिले : ‘विचारले काय?’

तिसरा वर्ग घुसखोराचा. त्याच्याविषयी सौम्य होण्याचे मला काहीच कारण दिसत नाही. परंतु त्याला ओळखावयाचे तर थोडे गणित केले पाहिजे. चार अंकांचे संकेतांक होतात दहा हजार. तीन चुकांनंतर संबंध तुटला, की आपल्याला वाटते दार बंद झाले. परंतु पुन्हा फोन केला असता पुन्हा तीन संधी मिळत असतील, तर साऱ्या दहा हजार संकेतांकांना ३,३३४ फोन पुरतात. एका फोनला अर्धा मिनिट धरला तर सुमारे २८ तास. मनुष्य कंटाळेल, यंत्र कंटाळत नाही, आणि हे फोन करणारा बहुधा यंत्रच लावतो. म्हणून फोन तुटणे हे कुलूप नव्हे. चुकांची गणना फोनागणिक न होता पेटीगणिक झाली, आणि प्रत्येक चुकीनंतर वाट पाहण्याचा काळ वाढत गेला, तरच ते कुलूप.

याहून चतुर घुसखोर मात्र ही गणनाही चुकवितो. तो एका पेटीवर हजार संकेतांक न लावता एकच संकेतांक हजार पेट्यांवर लावून पाहतो. प्रत्येक पेटीच्या खाती एकच चूक जमा होते, आणि एक चूक तर कोणाचीही होते. येथे ओळी उभ्या वाचून काही कळत नाही. आडव्या वाचाव्या लागतात. हा डाव साधतो, कारण आपण संकेतांक यदृच्छया निवडीत नाही. जन्मसाल, चार सारखे आकडे, एक-दोन-तीन-चार, असल्या पायवाटांनी आपण सारे जातो. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ मध्ये संगणकाच्या परवलींविषयी जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात जमविलेल्या ३,२८९ परवलींपैकी २,८३१, म्हणजे शेकडा ८६, अतिशय आखूड किंवा शब्दकोशात व नावांच्या यादीत सापडण्याजोग्या निघाल्या. तो अभ्यास संगणक जाणणाऱ्यांमधला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे सामान्य माणसाला दोष देण्यास जीभ रेटत नाही.

१९८३ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी शहरच्या काही तरुणांनी मोडेम लावून लॉस अलामॉस येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेपासून न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग कर्करोग रुग्णालयापर्यंत अनेक संगणकांत प्रवेश मिळविला. आपल्या गावच्या दूरध्वनी-विभागाच्या क्रमांकावरून ते स्वतःला ‘४१४’ म्हणवीत. त्यांची विद्या काही अगाध नव्हती. यंत्र विकताना कारखान्याने जी परवली घालून दिली होती, ती विकत घेणाऱ्यांनी बदललीच नव्हती, आणि या मुलांनी तीच टाकून पाहिली. असे दार उघडताना आवाज होत नाही. आपण नाकारलेल्या प्रयत्नांच्या वहीवर सारा भरवसा ठेवतो, परंतु पहिल्याच दस्तकेला दार उघडले तर त्या वहीत ओळच पडत नाही.

ब्रिटनमध्ये याच गोष्टीने मोठा अनर्थ केला. तेथील भ्रमणध्वनीच्या व्हॉइसमेल-पेट्यांना कंपनीने दिलेला एकच सर्वपरिचित संकेतांक असे, आणि बहुसंख्य लोक तो कधीच बदलीत नसत. ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ या साप्ताहिकासाठी काम करणाऱ्यांनी त्याच वाटेने लोकांचे खासगी निरोप ऐकले. बदललेला संकेतांक असेल तेथे कंपनीच्या माणसांना फोनवरून फसवून तो मिळविण्याचेही प्रकार झाले. प्रकरण उघडकीस आल्यावर २०११ च्या जुलैत ते साप्ताहिक बंद पडले आणि न्यायमूर्ती लेव्हसन यांच्याकडे चौकशी सोपविली गेली. ज्यांच्या पेट्या उघडल्या गेल्या त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. यंत्राच्या दृष्टीने पेटीचा धनीच येऊन गेला होता. आणि त्या वेळी आपणच आला होता काय, हे धन्याला कोणी विचारलेच नव्हते.

या साऱ्या इतिहासात नोंदवही वाचणे म्हणजे काय, हे ज्यांनी सर्वांत उत्तम दाखविले ते क्लिफर्ड स्टोल हे मूळचे खगोलशास्त्रज्ञ. १९८६ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत त्यांना संगणकाच्या हिशेबात आढळलेली ७५ सेंटची तफावत शोधण्याचे काम मिळाले. इतकी क्षुल्लक रक्कम दुसऱ्या कोणी किरकोळीत टाकली असती. स्टोल यांनी ती सोडली नाही. तिच्या मागे एक परका मनुष्य प्रयोगशाळेच्या संगणकात वावरत असल्याचे निष्पन्न झाले. त्याला तत्काळ हाकून देण्याऐवजी त्यांनी बाहेरून येणाऱ्या वाहिन्यांना छपाईयंत्रे जोडली, आणि तो काय काय टंकित करतो हे महिनोन्‌महिने कागदावर उतरवून घेतले. १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या वृत्तांतानुसार त्या मनुष्याने सुमारे ४५० संगणकांची दारे ठोठावली, आणि तीसहून अधिक ठिकाणी त्याला प्रवेश मिळाला.

या दोन आकड्यांपैकी लोकांना दुसरा अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि नुकसानीच्या दृष्टीने तो तसा आहेही. परंतु त्या मनुष्याचा हेतू कळला तो पहिल्या आकड्यातून. तो कोणाच्या दारांशी गेला, कोणत्या नावांनी हाका मारल्या, नाकारला गेल्यावर कोठे वळला, हे सारे ओळीने मांडले तेव्हा त्याला लष्करी यंत्रांची ओढ आहे, तो घाई करीत नाही, आणि कारखान्याच्या मूळ परवलींवर त्याचा भरवसा आहे, हे स्पष्ट झाले. यशाच्या नोंदी तो कोठे पोहोचला एवढेच सांगत होत्या. कोठे पोहोचावयाचे होते ते फसलेल्या प्रयत्नांनी सांगितले. शोध अखेर जर्मनीतील हॅनोव्हर शहरापर्यंत गेला. ज्यांची दारे ठोठावली गेली होती, त्यांच्यापैकी बऱ्याच ठिकाणी मात्र कोणाच्या काही लक्षात आले नव्हते. नोंद त्यांच्या यंत्रांनी केली असेलही; वाचणारा स्टोल त्यांच्यापाशी नव्हता.

आता या विषयाची दुसरी बाजू मांडली पाहिजे, नाहीतर पहारा कडक करा एवढाच बोध आपण घेऊन जाल. पाच चुका होताच पेटी कायमची बंद करावी, असा नियम पुष्कळ ठिकाणी असतो. या नियमाने घुसखोर थांबतो हे खरे. परंतु दुसऱ्याची पेटी बंद पाडावयाची असेल, तर त्याच्या नावाने पाच वेळा मुद्दाम चुकणे, एवढे एक हत्यारही त्याने दुष्टाच्या हाती येते. रात्री रुग्णालयातून निरोप ऐकावयास आलेला डॉक्टर अशा वेळी स्वतःच्याच दाराबाहेर उभा राहतो. शिवाय नोंदवही जितकी तपशीलवार, तितकी ती स्वतःच धोक्याची वस्तू होते. घाईत मनुष्य नावाच्या जागी परवली टाकतो. यंत्राने ते चुकलेले ‘नाव’ जसेच्या तसे लिहून ठेवले, तर पहारेकऱ्याच्या वहीत किल्लीचाच छाप उमटतो, आणि ती वही ज्याच्या हाती पडेल त्याला कुलूप तोडण्याचे कारण उरत नाही. म्हणून चुकलेले अंक लिहू नयेत. ते किती होते, कोठून आले आणि केव्हा आले, एवढे लिहावे.

मग उपाय कोणता? मला जो उपाय सर्वांत मोलाचा वाटतो तो फार साधा आहे, आणि तो जुनाही आहे. डिजिटल इक्विपमेंट या अमेरिकन कंपनीची व्हीएमएस नावाची संगणकप्रणाली होती. तिच्यात मनुष्य आपल्या खात्यात शिरला, की प्रणाली त्याला सांगे : यापूर्वी तुम्ही अमुक दिवशी अमुक वेळी आला होता, आणि त्यानंतर तुमच्या नावाने इतके प्रयत्न फसले. एवढीच ती सूचना. परंतु तिच्यात जो विवेक आहे तो अनेक भारदस्त बंदोबस्तांत आढळत नाही. नाकारलेल्या प्रयत्नाचा अर्थ यंत्राला ठाऊक नसतो, पहारेकऱ्याला ठाऊक नसतो, अधिकाऱ्याला तर नसतोच. तो निश्चितपणे ठाऊक असणारा मनुष्य जगात एकच असतो, आणि तो म्हणजे ज्याचे ते दार आहे तो. काल रात्री दोनदा चुकलो तो मीच होतो की दुसरा कोणी, हे मी क्षणात सांगू शकतो. सर्व जगातील तज्ज्ञ एकत्र बसले तरी त्यांना केवळ अंदाज करावा लागेल. तेव्हा नोंदवही ज्याची त्याला दाखवावी. दूरध्वनीवरही हे सहज शक्य आहे : संकेतांक जुळल्यावर पहिला निरोप ऐकविण्याआधी, आपल्या मागील भेटीनंतर इतक्या वेळा प्रवेश नाकारला गेला, असे एक वाक्य ऐकवावे, आणि हे आपण नव्हता असे सांगण्यासाठी एक बटन ठेवावे.

आपल्याकडे या गोष्टीचे एक चित्र आख्यायिकेने जपून ठेवले आहे. रायगडावर दूध घालावयास आलेली हिरकणी गवळण सायंकाळी दरवाजाशी आली तेव्हा दरवाजे बंद झाले होते. पहारेकऱ्यांनी तिला सोडले नाही. नियमाप्रमाणे त्यांनी योग्यच केले. घरी तान्हे बाळ असलेली ती आई मग जेथून कोणी उतरू शकणार नाही असे सर्वजण धरून चालले होते, त्या कड्यावरून उतरून गेली. या कथेतील आईच्या धैर्याचा गौरव आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो, आणि तो यथार्थच आहे. परंतु मला तिच्यातील पुढचा भाग तितकाच मोठा वाटतो. महाराजांना हे कळले तेव्हा त्यांनी हुकूम मोडल्याबद्दल तिला शिक्षा फर्मावली नाही. तिला बोलावून कशी उतरलीस ते विचारले, तिचा सन्मान केला, आणि त्या कड्यावर बुरूज बांधविला. दरवाजा बंद करण्याचा नियम तसाच राहिला. नाकारलेल्या एका व्यक्तीला विचारल्यामुळे तिचे दुःखही कळले आणि गडाचे उणेही कळले. न विचारता तिला दोषी ठरविले असते, तर कडा उघडाच राहता.

ही दृष्टी आपल्या आजच्या यंत्रणांत यावी अशी माझी कळकळीची इच्छा आहे, कारण दिवसेंदिवस आपण अधिकाधिक दारांशी उभे आहोत. पेन्शन, धान्य, औषध, बँकेतील स्वतःचेच पैसे, या सर्वांच्या वाटेवर आज कोठे ना कोठे संकेतांक विचारला जातो, आणि तो चुकला असता दुसऱ्या बाजूने मनुष्याचा आवाज बहुधा येत नाही. ज्याला नकार मिळतो तो, त्या रखवालदाराप्रमाणे, पुष्कळदा आपलेच काही चुकले असावे असे मानून गप्प बसतो. सुरक्षिततेचे शास्त्र घुसखोराला बाहेर ठेवण्याचे जितके आहे तितकेच आपल्या माणसाला आत घेण्याचेही आहे; या दुसऱ्या अर्ध्याचा अभ्यास आपण फार थोडा केला आहे.

मास्तर गेल्यावर त्यांची ती वही त्यांच्या घरच्यांनी माझ्या स्वाधीन केली. आजच्या व्याख्यानाची तयारी करताना मी ती पुन्हा पानोपानी पाहिली. त्यातील यंत्रे आता मोडीत निघाली, वाहिन्या काढून टाकल्या गेल्या, गावांची केंद्रेही बदलली. तांबड्या पेन्सिलीने आखलेला तो शेवटचा रकाना मात्र त्या दिवसापासून पुढे एकाही ओळीला रिकामा नाही. काही ठिकाणी ‘होय, वाहिनी ओली’ असे आहे, काही ठिकाणी ‘होय, नवा संकेतांक कळविला नव्हता’ असे आहे, आणि दोन ठिकाणी ‘होय, तो नव्हता, संकेतांक बदलला’ असे आहे. ज्या ओळीने हा रकाना सुरू झाला, तिच्यापुढे त्यांनी लिहिले आहे : ‘होय. आपलाच मनुष्य.’